देशाची खूण टॉवरच्या अंगातच आहे, असं कुठे कुठे झालंय?

सीवूड्सची_मीनल:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, वेळ असेल तेव्हा सावकाश वाचा. माझा भाचा आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला यंदा विषय मिळालाय, आजकालचे उंच टॉवर आणि त्यातली राष्ट्रीय प्रतीकं. यादी करायला बसला तर संपेचना. क्वालालंपूरचे पेट्रोनास, तैपेई १०१, बाकूचे ज्वाळांच्या आकाराचे तीन टॉवर, हो ची मिन्ह सिटीचं कमळाच्या कळीवरून घेतलेलं बिटेक्स्को, दुबईचं शिडाच्या आकाराचं बुर्ज अल अरब, बीजिंगचा सिटिक टॉवर तिकडच्या जुन्या झुन नावाच्या पात्रावरून. प्रत्येकाची एकेक सुंदर गोष्ट आहे, पण दहा वाचल्यावर सगळ्या सारख्याच वाटायला लागतात आणि कुठली मनापासूनची आणि कुठली ब्रोशरसाठी लिहिलेली ते कळेनासं होतं.

म्हणून आम्ही दोघांनी मिळून एक कसोटी ठरवलीय. ते प्रतीक काढून टाकलं तर बिल्डिंगचं काही बिघडतं का? म्हणजे खरोखर बिघडतं, फोटोत वेगळी दिसेल एवढंच नाही. या कसोटीला उतरणारे टॉवर कुठले, हे इथल्या इंजिनिअर, आर्किटेक्ट लोकांनी सांगावं.

आणि दुसरा प्रश्न मला स्वतःला पडलेला. आपल्या नवी मुंबईत विमानतळाला कमळ आलं, झाहा हदीद यांच्या ऑफिसने केलंय ते, बेलापूरला महापालिकेच्या मुख्यालयाला मोठा घुमट आहे, पण उंच टॉवर म्हणाल तर पामबीच रोडला बघा नाहीतर ठाण्यात घोडबंदर रोडला बघा, कुठल्याही देशात नेऊन उभे केले तरी चालतील असे आहेत. आपल्याकडे हा विचार कुणी केलाच नाही का?

ठाणे_पश्चिम_स्ट्रक्चरल:

मीनलताई, कसोटी एकदम आवडली, कारण आमच्या कामात हा प्रश्न रोजचाच असतो की हे काढलं तर काय होईल. पेट्रोनासपासून सुरुवात करतो, कारण सगळे त्याचंच उदाहरण देतात.

गोष्ट अशी की महाथिर पंतप्रधान होते आणि त्यांना टॉवर मलेशियाचा वाटायला हवा होता, नुसता अमेरिकन काचेचा डबा नको होता. आर्किटेक्ट सेझार पेल्ली, मूळचे अर्जेंटिनाचे पण काम अमेरिकेत, त्यांनी इस्लामी नक्षीकामातला आठ टोकांचा तारा घेतला, म्हणजे एक चौकोन आणि त्यावर ४५ अंशात फिरवलेला दुसरा चौकोन. हा तारा नुसता दर्शनी भागावर काढलेला नाही, प्रत्येक मजल्याचा प्लॅनच तसा आहे. आता ताऱ्याचा प्लॅन घेतला की दोन टोकांच्या मधे खाचा पडतात आणि ऑफिसची जागा कमी होते, म्हणून त्या खाचांत अर्धगोल बसवले, त्यामुळे खालून बघताना भिंत एकदा टोकदार एकदा गोल अशी दिसत जाते. १९९८ ला पूर्ण झाले, ४५२ मीटर, ८८ मजले.

पण स्ट्रक्चर बघितलं तर चित्र थोडं वेगळं आहे आणि हे भाच्याला मुद्दाम सांगा. भार घेणारं जे बाहेरचं कडं आहे ते १६ कॉलमचं आणि गोल आहे. ताऱ्याची टोकं त्या कड्याच्या बाहेर कॅन्टिलिव्हर केलेली आहेत, म्हणजे खालून टेकू नसताना पुढे काढलेली. म्हणजे तारा काढला तरी टॉवर पडणार नाही, मात्र प्रत्येक मजल्यावरच्या प्रत्येक खोलीचा आकार बदलेल, खिडकीतून दिसणारा कोन बदलेल. माझ्या मते तुमच्या कसोटीत पेट्रोनास अर्धा पास, पण चांगल्या मार्कांनी.

मला विचाराल तर त्यातली सगळ्यात मलेशियन गोष्ट ताऱ्यात नाहीच, काँक्रीटमध्ये आहे. एवढ्या उंचीला त्या काळी सगळे स्टील वापरायचे, तिथे स्टील बाहेरून आणायला महाग आणि स्थानिक लोकांचा हात काँक्रीटवर बसलेला, म्हणून उच्च ताकदीचं काँक्रीट वापरलं. ते जड असतं पण वाऱ्यात कमी झुलतं. खालचा खडक इतका वरखाली होता की टॉवरची जागाच सुमारे ६० मीटर सरकवावी लागली आणि फाउंडेशन काही ठिकाणी ११४ मीटर खोल गेलं. आणि ४१-४२ व्या मजल्यावरचा पूल दोन्ही टॉवरला घट्ट जोडलेला नाही, दोघे वाऱ्यात वेगवेगळे हलतात म्हणून त्याला सरकायला जागा ठेवलीय.

पूर्ण पास म्हणाल तर तैपेई १०१. आर्किटेक्ट सी. वाय. ली. ८ हा आकडा तिकडे शुभ मानतात, म्हणून मधल्या उंचीचे ८ भाग, प्रत्येक भाग ८ मजल्यांचा, बाहेरून बांबूच्या पेरांसारखा दिसतो, काहींना पॅगोडा दिसतो. इथपर्यंत ब्रोशर. पण आतलं कोअर, म्हणजे टॉवरचा मधला भक्कम गाभा, आणि बाहेरचे प्रचंड कॉलम यांना बांधणाऱ्या मजबूत आडव्या चौकटी, आउटरिगर ट्रस म्हणतात त्यांना, त्या पण दर ८ मजल्यांनीच येतात! म्हणजे शुभ आकडा आणि सांगाडा एकाच मापावर चालतात. शिवाय कोपरे सरळ न ठेवता करवतीसारख्या खाचा पाडल्यात, विंड टनेलमध्ये तपासलं तर त्यामुळे वाऱ्याचा भार जवळपास पाव हिस्सा कमी झाला. टायफून आणि भूकंप दोन्ही असलेल्या गावात ही चेष्टा नाही. वर ६६० टनांचा स्टीलचा गोळा लोलकासारखा टांगलाय, टॉवर एका बाजूला झुकला की तो उलट्या बाजूला ओढतो. २०१५ च्या सौदेलोर वादळात तो साधारण १ मीटर हलला होता. आणि एरवी असली यंत्रणा लोक लपवतात, इथे त्यांनी पर्यटकांना बघायला खुली ठेवलीय, ते मला फार मोठं वाटतं.

कोपरखैरणेचा_निनाद:

दादा, माहिती जबरदस्त आहे पण कसोटीशीच माझं भांडण आहे. काढून टाकलं तर पडेल का, हा इंजिनिअरचा प्रश्न झाला. राष्ट्राचं प्रतीक माणसांच्या डोक्यात असतं, लोकांनी ते मनावर घेतलं की झालं.

न्यूयॉर्कचं वन वर्ल्ड ट्रेड सेंटर घ्या. उंची १७७६ फूट, कारण अमेरिकेचं स्वातंत्र्य १७७६ चं. हा आकडा आर्किटेक्ट डॅनियल लिबेस्किंडच्या मूळ प्लॅनमधला, त्याच्या डिझाइनमध्ये टॉवरचं टोक एका बाजूला होतं, स्वातंत्र्यदेवीच्या उंचावलेल्या हाताची आठवण व्हावी म्हणून. नंतर दुसरे आर्किटेक्ट डेव्हिड चाइल्ड्स यांनी टॉवर जवळपास सगळाच बदलला, एका बाजूचं टोक गेलं, आकार गेला, पण १७७६ ला कुणी हात लावला नाही. का नाही लावला याचा विचार करा. शिवाय टोक सोडून बिल्डिंगची उंची १३६८ फूट, ती पाडल्या गेलेल्या नॉर्थ टॉवरची उंची. एकाच बिल्डिंगमध्ये एक उंची गेलेल्यासाठी आणि एक उंची देशासाठी. मला तरी हे वाचून गलबलून येतं.

आणि त्यावर पुढे वाद पण झाला. वरचा ४०८ फुटांचा भाग स्पायर, म्हणजे इमारतीचंच टोक, धरायचा की नुसता अँटेना? उंच इमारतींची जी कौन्सिल आहे तिच्या नियमात स्पायर उंचीत धरतात, अँटेना नाही. अँटेना ठरला असता तर उंची १३६८ राहिली असती आणि शिकागोचा विलिस टॉवर पुढे गेला असता. २०१३ च्या नोव्हेंबरात निकाल लागला की स्पायर आहे, म्हणजे १७७६ कायम. स्ट्रक्चरल दादांच्या भाषेत ते टोक काढलं तर बिल्डिंगचं काहीच बिघडत नाही, पण अमेरिकेचं बिघडतं ना!

दुसरं क्वालालंपूरचंच, मर्डेका ११८. ६७८.९ मीटर, बुर्ज खलिफानंतर जगात दुसरा. शेजारीच ते स्टेडियम आहे जिथे ३१ ऑगस्ट १९५७ ला टुंकू अब्दुल रहमान यांनी हात उंचावून स्वातंत्र्याची घोषणा दिली, आणि टॉवरचं टोक त्या उंचावलेल्या हातावरून घेतलंय. टॉवर दुसऱ्या एखाद्या गावात असता तर मी पण म्हटलं असतं की ओढूनताणून आहे. पण तो त्याच जागेला लागून आहे. प्रतीकाला जागा पण लागते, हा मुद्दा तुमच्या कसोटीत येतच नाही.

बाकूचे फ्लेम टॉवर मला याच कारणासाठी पटतात. त्या भागात जमिनीतून गॅस येऊन आग जळत राहते, यानार दाग म्हणून टेकडी आहे तिथे, आणि आगीची पूजा जुन्या काळापासून. रात्री एलईडीने ज्वाळा दाखवतात ते मला तितकं आवडत नाही, दिवसाचा आकारच पुरेसा आहे.

वर्तकनगरची_सुलभा:

मी अबुधाबीला बरीच वर्षं होते त्यामुळे तिकडचं एक सांगते जे यादीत दिसलं नाही. अल बहर टॉवर्स. उंचीने फार नाहीत, दीडशे मीटरच्या आतलेच, म्हणून लोक विसरतात. पण मीनल, तुझ्या कसोटीला हे सगळ्यात आधी उतरतील.

अरब घरांत खिडक्यांना लाकडी जाळी असते, मशरबिया म्हणतात, ऊन अडतं, हवा येते आणि आतल्या बायकांना बाहेरचं दिसतं पण बाहेरच्यांना आतलं दिसत नाही. या दोन टॉवरना काचेच्या बाहेर तशी जाळी आहे, फक्त ती हलते. एकेका टॉवरला हजाराच्या वर छत्र्या, सूर्य जसा फिरेल तसा कॉम्प्युटर त्या उघडतो मिटतो. सकाळी पूर्वेकडच्या पसरलेल्या असतात, दुपार कलली की पश्चिमेकडच्या पसरायला लागतात. उत्तरेला जाळीच नाही, कारण तिकडे ऊन येत नाही! हे उत्तरेचं मला सगळ्यात जास्त आवडतं. नुसती शोभा असती तर चारी बाजूंनी लावली असती. आत येणारी उन्हाची उष्णता निम्म्याहून जास्त कमी करायची असं डिझाइनचं उद्दिष्ट होतं, आणि जुलैमध्ये तिथे पार्किंगपासून दरवाज्यापर्यंत चाललेल्या माणसाला विचार की याची किंमत काय.

बुर्ज खलिफाबद्दल मात्र मला शंका आहे. वाळवंटातल्या फुलावरून घेतलंय असं सगळीकडे सांगतात. पण तो तीन पाकळ्यांचा वाय आकाराचा प्लॅन, मधे कोअर आणि तीन पंख एकमेकांना टेकू देणारे, हे तिचा आर्किटेक्ट एड्रियन स्मिथ याच्या टीमने आधी सोलला टॉवर पॅलेस थ्री मध्ये करून बघितलं होतं, २००४ चा तो. ८२८ मीटर चढवायला ती पद्धत कामाची होती, आणि वर जाताना एकेक पंख मागे घेत नेल्यामुळे वाऱ्याला एक ठराविक लय सापडत नाही. बिल्डिंग म्हणून माझा तिला दंडवत आहे, पण प्रतीक म्हणून पहिल्या नंबरला ठेवणार नाही.

घणसोली_गावठाण:

सगळे छान लिहिताय, पण एक प्रश्न कुणी विचारला नाही. प्रतीक ठरवतं कोण?

पेट्रोनास सरकारी तेल कंपनीचा. मर्डेका ११८ सरकारच्या गुंतवणूक कंपनीचा, २०१० मध्ये बजेट मांडताना जाहीर झाला तेव्हा तिथल्याच लोकांनी विरोध केला की हा पैसा शाळा हॉस्पिटलला लावा. म्हणजे देशाची खूण म्हणून जे उभं राहतं ते देशातल्या सगळ्यांना विचारून नसतं. टॉवर वाईट आहे असं मी म्हणत नाही. भाच्याच्या प्रोजेक्टमध्ये हा एक कॉलम हवा एवढंच, की कुणी ठरवलं आणि जागा कुणाची होती.

आमच्याकडचं बघा. नवी मुंबई ज्या जमिनीवर आहे ती आगरी कोळ्यांची. १९८४ च्या जानेवारीत जासईला योग्य मोबदल्यासाठी आंदोलन झालं, पाच शेतकरी गोळीबारात गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देणारी योजना आली. त्या आंदोलनाचे नेते दि. बा. पाटीलसाहेबांचं नाव विमानतळाला द्यावं म्हणून २०२१ मध्ये इथली सगळी गावं रस्त्यावर उतरली होती. कमळ सुंदर आहे, मी बघून आलोय, पोरांना घेऊन गेलो होतो. पण या खाडीची खूण काय विचाराल तर दिवाळे गावच्या धक्क्याला लागलेली होडी आहे, मिठागर आहे, भाताची खाचरं आहेत. एवढ्या वर्षांत एखाद्या टॉवरवाल्याने त्यातलं काही घेतलंय का? मला तरी दिसलं नाही.

बेलापूरची_आर्किटेक्ट:

घणसोलीच्या पाटीलदादांचा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटला आणि मीनलताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पण तिथूनच सुरू होतं. आपल्याकडे हा विचार झालाय, आणि ज्या माणसाने केला तो नवी मुंबईच्या कल्पनेतलाच माणूस. चार्ल्स कोरिया. १९६० च्या दशकात प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्याबरोबर त्यांनी खाडीपलीकडे नवं शहर असावं असा प्रस्ताव मांडला आणि पुढे सिडकोचे, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीचे, सुरुवातीचे मुख्य आर्किटेक्ट तेच होते.

त्यांचा टॉवर मात्र मुंबईत आहे, कंबाला हिलला, कांचनजंगा, १९८३ चा. पायथा २१ मीटर बाय २१ मीटर, उंची ८४ मीटर, ३२ फ्लॅट. त्यावर कमळ नाही, चक्र नाही, घुमट नाही. कोपऱ्यात दोन मजली उंच मोकळ्या गच्च्या कोरलेल्या आहेत, बस. पण त्या का आहेत ते बघा. मुंबईत घराचं तोंड पूर्व पश्चिम ठेवलं तर समुद्राचा वारा मिळतो, एकीकडे अरबी समुद्र दिसतो आणि दुसरीकडे बंदर. पंचाईत अशी की रणरणतं ऊन आणि पावसाचा मारा पण त्याच बाजूंनी येतो. जुन्या बंगल्यांनी यावर तोडगा काढला होता, राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा गुंडाळायचा, म्हणजे ऊन पाऊस व्हरांड्यात थांबतात आणि वारा आत जातो. कोरियांनी तो व्हरांडा उचलून टॉवरमध्ये नेला आणि त्याची बाग केली. काढून टाकण्याची कसोटी लावा, त्या गच्च्या बुजवल्या तर मागच्या खोल्यांत थेट ऊन आणि पावसाचा सपकारा. सुलभाताईंनी सांगितलेल्या अबुधाबीच्या जाळीची हीच गोष्ट, फक्त तीस वर्षं आधी, आणि मोटर कॉम्प्युटर काही नसताना.

निनाद, तुझं १७७६ मला पण भिडतं, खरंच. पण तो आकडा सांगावा लागतो. ज्याला माहीत नाही त्याला ते टोक म्हणजे टोकच. कांचनजंगातल्या माणसाला काही सांगावं लागत नाही, जूनमध्ये दार उघडलं की कळतं. माझ्यासाठी देशाची ओळख ही अशी हवी, हवा आणि राहण्याची सवय यातून आलेली. राष्ट्रचिन्ह भिंतीवर आणण्याला माझा विरोध नाही, पण नुसतं तेवढंच असेल तर पुढच्या पेंटिंगला ते जाऊ पण शकतं.

सीवूड्सची_मीनल:

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी, भाचा फोनवर वाचून दाखव म्हणून मागे लागलाय. पाटीलदादा, तुमचा कॉलम तो घालणार आहे, कुणी ठरवलं आणि जागा कुणाची, शीर्षकासकट.

आता राहवत नाही म्हणून विचारते. १९८३ मध्ये हे जमलं तर आज पामबीच रोडला का जमत नाही? आमच्याच सोसायटीत निम्म्या लोकांनी बाल्कनी काचेने बंद करून खोलीला जोडून घेतलीय आणि मग दिवसभर एसी. मी त्यांना दोष देत नाही, घरं लहान आहेत.

ठाणे_पश्चिम_स्ट्रक्चरल:

ताई, मोठा भाग एफएसआयचा आहे, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येईल त्या मर्यादेचा. आता जी राज्याची युडीसीपीआर ही बांधकाम नियमावली आहे, ठाणे नवी मुंबईला २०२० च्या शेवटापासून, त्यात बाल्कनीचं क्षेत्रफळ एफएसआयमध्येच धरलं जातं. मग बिल्डर म्हणतो मोजायचंच आहे तर खोलीच देतो, आणि घेणारा पण प्रति स्क्वेअर फूट भाव बघतो, त्यात दोन मजली उंच मोकळी गच्ची म्हणजे त्याला पैसे हवेत सोडल्यासारखे वाटतात. कांचनजंगा श्रीमंतांची बिल्डिंग होती हे पण लक्षात घ्या. स्ट्रक्चरच्या बाजूने मात्र काही अडचण नाही, हे मी लिहून देतो. कोपरे कोरले तर भार कोअरवर जास्त घ्यायचा, स्लॅब कॅन्टिलिव्हर करायचे, आज तर १९८३ पेक्षा चांगलं काँक्रीट रेडिमिक्सच्या गाडीतून दारात येतं. नियमात खोल, न झाकता येणाऱ्या व्हरांड्याला एफएसआयमधून सूट दिली तर ठाण्यात पहिला टॉवर डिझाइन करायला मी तयार आहे.

घणसोली_गावठाण:

आणि त्याला पडवी म्हणा. आमच्या जुन्या घरांना पुढे पडवी असायचीच, जाळी तिथेच दुरुस्त करायची, भात तिथेच वाळवायचं, पावसात पोरं तिथेच खेळायची. गावठाणात अजून थोडी घरं आहेत तशी. भाच्याला दाखवायची असतील तर सांगा, मी फिरवतो.

बेलापूरची_आर्किटेक्ट:

दादा, मी पण येते. मीनलताई, त्याला सांगा घणसोलीची एक पडवी किती खोल आहे ते मोजायचं, छपराचा उतार मोजायचा, मग बेलापूरला कोरियांचं आर्टिस्ट व्हिलेज आहे तिथे यायचं, लहान चौकाभोवती सात घरं आणि अशा तीन चौकांचा मिळून पुढचा मोठा चौक, तोही मोजायचा. नंतर कांचनजंगाचा सेक्शन, म्हणजे उभ्या छेदाचं चित्र, शेजारी काढायचा, तिन्ही एकाच स्केलला. प्लॅन नको, सेक्शनच, कारण ऊन किती आत येतं ते सेक्शनमध्येच दिसतं. आणि पेट्रोनास, तैपेई, अल बहर यांचे सेक्शन पण त्याच शीटवर येऊ देत. शीट मोठी घ्या म्हणावं, ए वन तरी.